नॅशनल पार्कला जाताय? एका दिवशी एकच गोष्ट ठरवा

गावाकडून पाहुणे आले की तिसऱ्या दिवशी आमच्याकडे ठरलेला विषय निघतो. "तुमच्या घराजवळच आहे ना ते नॅशनल पार्क, मग एकदा दाखवून आण की." बोरिवली पूर्वेला दौलतनगरात माझा तीस वर्षांचा संसार झाला. शाळेत 26 वर्षं विज्ञान शिकवलं, दरवर्षी सातवीची मुलं घेऊन उद्यानात गेले, आणि आता निवृत्त झाल्यावर आठवड्यातून दोनदा तरी पाय तिकडे वळतातच. त्यामुळे दाखवायला मी एका पायावर तयार असते. पण पाहुण्यांची यादी ऐकली की मला आधी त्यांना खाली बसवावं लागतं. सफारी, बोटिंग, गांधी टेकडी, कान्हेरीची लेणी, धबधबा, आणि जमलं तर बिबट्या. हे सगळं एका दिवसात, दुपारचं जेवण धरून!

असा दिवस काढून परतलेली माणसं मी पाहिली आहेत. पाय सुजलेले, मुलं रडवेली, आणि काय काय पाहिलं विचारलं तर बहुतेक वेळ रांगेत गेलेला. म्हणून पहिलं सांगणं हेच, की एका दिवशी एकच गोष्ट ठरवा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 103 चौरस किलोमीटरचं आहे. इकडे बोरिवली, मागे मुलुंड, पलीकडे ठाण्याचं येऊर, वर घोडबंदर रस्त्यापलीकडचा नागलाचा जंगलपट्टा. आपण बोरिवलीच्या गेटातून आत शिरतो तेव्हा त्याचा एक कोपरा बघायला चाललेलो असतो, एवढं मनाशी धरलं की घाई आपोआप कमी होते.

पहिल्यांदाच येत असाल तर माझं ऐका आणि कान्हेरी करा. जाताना डांबरी रस्त्याने चालत, येताना बसने. हा साधारण सहा किलोमीटरचा रस्ता आहे, चढ हळूहळू लागतो, आणि दोन्ही बाजूंना जंगल आहे. मुलं असतील, आजी-आजोबा असतील तर जातायेता दोन्ही वेळा बस घ्या, त्यात काही कमी होत नाही. सायकली भाड्याने मिळतात, पण शेवटच्या चढावर त्या हातात धरून ओढाव्या लागतात हे आधीच सांगून ठेवते. स्वतःची गाडी आत न्यायचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा त्या भरवशावर आखणी नको.

सोमवारी जाऊ नका. उद्यानही बंद असतं आणि लेणीही. रविवार शक्य असेल तर टाळा, मंगळवार ते शुक्रवार उत्तम. तिकीट खिडकी सकाळी साडेसातच्या सुमारास उघडते, त्या वेळी तिथे असणं हे अर्धं काम. बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरलात तर पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे, रिक्षाही मिळते. मेट्रोने येणाऱ्यांसाठी सात नंबरच्या मार्गावर 'राष्ट्रीय उद्यान' याच नावाचं स्टेशन आहे, हायवेवर उतरलं की गेट समोरच. लेण्यांचं तिकीट वेगळं असतं, ते वर गेल्यावर पुरातत्त्व खात्याच्या खिडकीवर काढायचं. पहिलं तिकीट फेकून देऊ नका.

पिशवीत काय घ्यायचं हे मी मुलांना फळ्यावर लिहून द्यायचे. माणशी दोन लिटर पाणी, तेही घरच्या स्टीलच्या किंवा जाड बाटलीत, कारण प्लास्टिकवरून गेटावर तपासणी होते. डबा झाकणाचा, घट्ट बसणारा. टोपी, रुमाल, आणि पावसाळ्यात छत्रीऐवजी रेनकोट, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे. पँट लांब हवी आणि तिचे पाय मोज्यात खोचायचे. हे दिसायला कसंतरी दिसतं, पण पावसाळा संपता संपता गवतात गोचीड फार असतात. घरी आल्यावर अंघोळीआधी गुडघ्याच्या मागे, कमरेला आणि कानामागे नीट बघा. अत्तर, डिओ काही नको. बूट जुने, रुळलेले. नवीन बूट घालून आलेल्या मुलाला मी एकदा परतीचा सगळा रस्ता पाठुंगळी घेतलेलं आहे.

गेटातून आत गेल्यावर सुरुवातीचा भाग बागेसारखा आहे. याला कृष्णगिरी उपवन म्हणतात. वनराणी या मुलांच्या आगगाडीचं छोटं स्टेशन, मुलांच्या खेळायच्या जागा, उजेडात चमकणारी दहिसर नदी. ही नदी वर तुळशी तलावापाशी उगम पावते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तुळशी आणि विहार हे दोन याच जंगलात आहेत, विहार 1860 चा आणि तुळशी 1879 चा. तलावांकडे जायला परवानगी नसते आणि ते बरंच आहे. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यातलं काही पाणी या झाडांनी आधी अडवलेलं असतं, त्यामुळे तिथे कोणी सहलीला जाऊ नये असंच मला वाटतं.

सफारीचा फाटा मागे पडला की गर्दी ओसरते आणि आवाज बदलतो. इथे बोलणं थांबवा. मुलांना मी सांगायचे, शंभर पावलं तोंड मिटून चाला आणि कानावर काय काय पडलं ते मोजा. पहिल्यांदा फक्त विमान ऐकू येतं. मग तांबट, त्याचं ते टुक् टुक् टुक्, एखादा भांडी ठोकत बसल्यासारखं. मग वाळक्या पानात काहीतरी खसखसतं आणि सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा तो सरडा असतो. साग, ऐन, खैर, कळम, कुंभा, पळस, सावर ही इथली नेहमीची मंडळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर सावर, पळस आणि पांगारा बिनपानांचे, नुसते लाल-केशरी उभे असतात आणि मैना, सूर्यपक्षी, कोतवाल यांची त्यांच्यावर झुंबड असते. त्या दिवसांत मी बसने जातच नाही.

पावसाळ्यानंतर वाटेवर चेहऱ्याच्या उंचीला कोळ्याची मोठी जाळी लागतात. जायंट वूड स्पायडर म्हणतात त्याला. थांबून बघा. मादी तळहाताएवढी पसरलेली, काळी, अंगावर पिवळे पट्टे. तिच्या जाळ्याचा धागा उन्हात सोन्यासारखा पिवळा दिसतो. आणि त्याच जाळ्याच्या वरच्या कडेला नीट पाहिलं तर एक तांबूस ठिपका हलताना दिसेल. तो नर, तिच्या मानाने मुगाच्या दाण्याएवढा. काठीने जाळं मोडू नका, खाली वाकून जा.

आता बिबट्याबद्दल, कारण हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आहेत, आणि बऱ्यापैकी आहेत. 2015 च्या कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या पाहणीत इथे आणि आसपासच्या भागात 35 बिबटे मोजले गेले, 2018 मध्ये 47. तुम्हाला दिसेल का? दिवसा, मुख्य रस्त्यावर, जवळजवळ नाहीच. मला तीस वर्षांत दोनदा दिसला, तोही रस्ता ओलांडणारा शेपटीचा भाग. त्याने मात्र मला किती वेळा पाहिलं असेल कोणास ठाऊक. भिण्याचं कारण नाही, पण काही गोष्टी पाळायच्याच. लहान मूल हाताच्या अंतरावर ठेवायचं, पुढे धावू द्यायचं नाही. एकट्याने झाडीत शिरून उकिडवं बसायचं नाही, माणूस बसला की त्याचा आकार लहान जनावरासारखा होतो. उन्हं कलायच्या आत परतीला लागायचं. समोर आलाच तर पळायचं नाही, ताठ उभं राहायचं, मोठ्याने बोलायचं आणि तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरायचं.

आणि खरकटं टाकायचं नाही. याला मी बिबट्याच्या भागातच का घातलं ते सांगते. खरकट्यावर भटकी कुत्री वाढतात आणि उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या बिबट्याचं कुत्रा हे मोठं भक्ष्य आहे. तुमचं अर्धं खाल्लेलं सँडविच त्याला वस्तीपर्यंत आणतं. 2004 च्या आसपास इथे माणसांवरचे हल्ले फार वाढले होते, तेव्हा शाळेतली मुलं रोज वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडे यायची. बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडण्याने प्रश्न सुटत नाही, उलट बिघडतो, हे जुन्नरकडच्या अभ्यासातून पुढे आलं, आणि मग इथेही लोकांनी कसं वागावं यावर भर आला. जंगलातल्या पाड्यांवरच्या वारल्यांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. ते वाघोबाला पुजतात, वाघबारस पाळतात, आणि तिन्हीसांजेला पोरांना घरात घेतात. नवापाडा, चिंचपाडा अशी नावं तुम्हाला पाट्यांवर दिसतील. हे लोक उद्यान होण्याच्या आधीपासून इथे राहतात. त्यांच्या घरांचे, बायकामुलांचे न विचारता फोटो काढू नका.

कान्हेरीच्या पायथ्याशी पोहोचलात की दुसरं संकट उभं असतं, माकडं. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याच्या हातातलं वेफर्सचं पाकीट माकडाने ओढलं आणि मनगटावर नखं उठली. त्या दिवसानंतर लेण्यांच्या परिसरात मी खायचं काढलेलं नाही. पोटभर खाऊन वर चढा, डबा चेन लावून बॅगेत, आणि हातात प्लास्टिकची पिशवी अजिबात नको, तिचा आवाज त्यांना पक्का ओळखीचा आहे. माकड समोर बसलं तर डोळ्यात डोळे घालून दात दाखवू नका, त्याच्या लेखी ती धमकी असते.

लेण्यांत शंभराच्या वर गुंफा आहेत. इसवी सन पूर्व पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या दहाव्या शतकापर्यंत इथे बौद्ध भिक्षूंची वस्ती आणि कोरीवकाम चालू होतं, एका जागी इतकी शतकं. सगळ्या गुंफा बघायचा हट्ट धरू नका. मी पाहुण्यांना चार ठिकाणी नेते.

तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन, आधी. बाहेरच्या ओसरीत दोन्ही टोकांना बुद्धाच्या माणसाच्या कितीतरी पट उंच मूर्ती उभ्या आहेत. आत गेलात की डोळे अंधाराला सरावेपर्यंत एका जागी थांबा. मग खांबांकडे बघा. काही खांबांना खाली घटाचा आकार आणि वर हत्ती कोरले आहेत, आणि बाकीचे नुसते साधे अष्टकोनी सोडून दिले आहेत. काम मध्येच का थांबलं असेल यावर सातवीच्या वर्गाने एकदा अर्धा तास वाद घातला होता. पैसे संपले इथपासून कारागीर आजारी पडला इथपर्यंत. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं नाव याच चैत्याच्या शिलालेखात येतं.

मग अकरावं, ज्याला दरबार म्हणतात. लांबलचक दालन आणि जमिनीलगत दोन लांब दगडी बाक, समोरासमोर. कडेला बसून पाहा, दगड मे महिन्यातही गार लागतो.

पण मला सगळ्यांत आवडतं ते पाणी. बहुतेक गुंफांच्या दाराशी कातळात खोदलेलं टाकं आहे. वाकून पाहिलं तर आत पाणी दिसतं, अगदी एप्रिलमध्येसुद्धा. ते येतं कुठून हे बघायला गुंफेकडे पाठ करून वरच्या कातळावर चढा. तिथे बोटभर, कुठे वीतभर रुंदीच्या पन्हळी कोरल्या आहेत. उतारावर पडलेलं पावसाचं पाणी त्या गोळा करतात, वळवतात आणि टाक्यात सोडतात. पन्हळीत थोडं पाणी ओतून बघा, ते कुठे जातं याचा माग मुलं धावत काढतात. मुंबईत पाऊस चार महिने कोसळतो आणि आठ महिने तोंड दाखवत नाही, त्यावर या भिक्षूंनी काढलेला हा तोडगा आहे. टाक्यांना शिलालेखांत 'पोढी' म्हटलंय. कल्याणच्या सामिदत नावाच्या एका सोनाराने असं एक टाकं दान दिल्याचा लेख इथे कोरलेला आहे. राजा नव्हे, सोनार. मी तिथे उभी राहिले की त्याच्याबद्दल मला फार आपुलकी वाटते. टाक्यातलं पाणी मात्र पिऊ नका.

चौथं ठिकाण नव्वद क्रमांकाची गुंफा, पायात जीव असेल तरच. तिथे पहलवी या जुन्या इराणी लिपीत काही लेख आहेत. इसवी सन 1009 आणि 1021 मध्ये लेणी बघायला आलेल्या पारशी मंडळींनी आपापली नावं कोरून ठेवली आहेत. हजार वर्षांपूर्वीचे पाहुणे! त्यांचं अनुकरण मात्र करू नका, भिंतीला बोटही लावू नका. ओल्या हातांनी दगड खराब होतो.

पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी हे वेगळं सांगते, कारण मी स्वतः त्यातून गेले आहे. जुलै महिन्यात एकदा वरच्या ओढ्याजवळ फोटोसाठी दोन पावलं बाजूला सरकले. कातळ कोरडा दिसत होता, त्यावर शेवाळाचा कागदाएवढा पातळ थर होता. डावं मनगट मोडलं आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेले. मनगटावर निभावलं म्हणायचं. कातळावर हिरवट काळी झाक दिसली की तिथे पाय ठेवायचा नाही, आणि पायऱ्या सोडायच्या नाहीत. ओढ्यात, धबधब्यात उतरायला बंदी असते, ती पाळा. वर डोंगरावर पाऊस झाला की इथे ऊन असताना पाणी चढतं, आणि ते गढूळ होऊन पालापाचोळा घेऊन यायला लागलं की समजा, काठावरून मागे व्हायची वेळ झाली.

ज्यांना चालवत नाही त्यांना घरी ठेवून येऊ नका. माझ्या सासूबाई ब्याऐंशीव्या वर्षीही यायच्या. बसने पायथ्यापर्यंत, वर चढायच्या नाहीत. खाली झाडाच्या सावलीत आदिवासी बायकांच्या पाट्यांपाशी बसायच्या आणि आम्ही परत येईपर्यंत त्या सगळ्यांच्या मुलांची नावं त्यांना पाठ झालेली असायची. या मावश्यांकडून घ्या. मे महिन्यात पानाच्या द्रोणात करवंदं, जांभळं, ताडगोळे, पावसाळ्यात काकडी, थंडीत बोरं, चिंचा. भावात घासाघीस करू नका, पहाटे रानात जाऊन आणलेला माल असतो. करवंदांचा चीक ओठाला चिकटतो, मीठ लावून खा.

दुसऱ्यांदा याल तेव्हा शिलोंढ्याची वाट करा. तिथे आपल्या मनाने जाता येत नाही. गेटाच्या आत निसर्ग माहिती केंद्र आहे, तिथे आधी चौकशी करून, वनखात्याचा माणूस बरोबर घेऊनच जायचं. फुलपाखरांसाठी ऑक्टोबर, पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी. ठाणेकरांना येऊरचा दरवाजा जवळ पडतो.

करवीचं राहिलं. डोंगरउतारावर छातीएवढी, डोक्याएवढी उंच खरखरीत पानांची झुडपं दिसतील ती करवी. एरवी तिच्याकडे कोणी बघत नाही. पाड्यांवर तिच्या काठ्या विणून वर शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती करतात. सात वर्षं ती नुसती वाढते आणि आठव्या वर्षी, पावसाळा ओसरताना, सगळा उतार जांभळा करून फुलते, बी टाकते आणि मरते. 2008 ला मुलगा नववीत होता, त्याला ओढत नेलं होतं. 2016 ला पूर्ण वर्ग घेऊन गेले, मुलांच्या शर्टांना त्या फुलांचा चिकट मध लागला होता. 2024 ला दोन वर्षांच्या नातीला कडेवर घेतलं, तिने फूल तोडायला हात पुढे केला तेव्हा मी तिचा हात धरून नुसतं नाकाशी नेलं. पुढची खेप 2032 ची. तेव्हा ती दहा वर्षांची असेल आणि सहा किलोमीटर स्वतःच्या पायांनी चालेल. तुम्हीही ते वर्ष लिहून ठेवा. ऑगस्टच्या अखेरीपासून चौकशी सुरू करा, मधल्या वारी या, आणि सकाळी साडेसातला गेटावर भेटा.